पेद्रो आबादची मशीद: प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५

विषय ठरला. ऑगस्टमध्ये वाचनालयाच्या वरच्या दालनात जे प्रदर्शन लावायचंय, ते स्पेनमधल्या पेद्रो आबाद गावच्या बशारत मशिदीवर. गटातल्या दोघांचा कल कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीकडे होता, आणि तो समजण्यासारखा आहे. लाल-पांढऱ्या कमानींच्या त्या रांगा बघून वास्तुकलेच्या कुठल्या विद्यार्थ्याचं मन हलत नाही? पण तिच्यावर ढिगाने पुस्तकं आहेत. तिथून पस्तीसेक किलोमीटरवर, ग्वादाल्कीवीर नदीच्या वरच्या अंगाला, जेमतेम तीन हजार वस्तीच्या खेड्याच्या कडेला अहमदिया जमातीने बांधलेली एक पांढरी मशीद उभी आहे. १९८० मध्ये पायाभरणी, १९८२ मध्ये उद्घाटन. तिच्याबद्दल मराठीत मला काहीच वाचायला मिळालं नाही.

इमारत लहान आहे. पण मला जे सांगायचंय ते तिच्या आकाराबद्दल नाहीच. मिनार उभारायला दगड, विटा, चुना लागतो हे आपण शिकवतो; त्याआधी कायद्याची परवानगी लागते, हे शिकवायचं राहून जातं. या मशिदीची गोष्ट त्या परवानगीची आहे. फलकांची मांडणी याच धाग्यावर करायची.

१७ जून

पहिला फलक: अहमदिया म्हणजे कोण. प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी हे नाव ऐकलेलंच नसेल, तेव्हा मोजक्या ओळींत आणि कुणाचीही बाजू न घेता सांगायला हवं. मसुदा असा:

पंजाबातल्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या कादियान या गावचे मिर्झा गुलाम अहमद (१८३५–१९०८) यांनी १८८९ मध्ये ही चळवळ सुरू केली. ज्याच्या आगमनाचं भाकीत आहे तो मसीहा आणि महदी आपणच, असं त्यांनी जाहीर केलं. मुहम्मद पैगंबरांनंतर कुठल्याही अर्थाने नबी येऊ शकतो का, या प्रश्नावर इतर मुस्लिमांचा त्यांच्याशी मूलभूत मतभेद आहे. १९१४ मध्ये चळवळीच्या दोन शाखा झाल्या: खलिफांचं, म्हणजे संस्थापकांच्या वारस-प्रमुखांचं, नेतृत्व मानणारी कादियानची आणि वेगळी झालेली लाहोरची. फाळणीनंतर मुख्य शाखेचं केंद्र पाकिस्तानात गेलं. चिनाबच्या काठी १९४८ मध्ये रबवा हे नवं गाव वसवलं गेलं. कादियानची पवित्र स्थळं सांभाळायला ३१३ जण मागे राहिले. त्यांना दरवेश म्हणतात.

या ३१३ जणांवर खरं तर वेगळं प्रदर्शन होईल. इथे मात्र एकाच वाक्यात आवरावं लागतंय, याची चुटपुट आहे.

२२ जून

आजचा दिवस स्पेनच्या कायद्यांवर गेला. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने १७ जुलै १९४५ रोजी ‘स्पॅनिश लोकांची सनद’ काढली. तिचं सहावं कलम दोन-तीनदा सावकाश वाचलं. कॅथलिक धर्माला राज्याचं संरक्षण. इतरांना त्यांच्या श्रद्धेसाठी किंवा खासगी उपासनेसाठी त्रास दिला जाणार नाही. पण कॅथलिक धर्माखेरीज दुसऱ्या कुठल्याही धर्माचे बाह्य समारंभ किंवा बाह्य आविष्कार चालणार नाहीत.

बाह्य आविष्कार. वास्तुविशारदाच्या कानाला हा शब्दप्रयोग लगेच खटकतो, कारण इमारतीचा दर्शनी भाग म्हणजे बाह्य आविष्कारच. चार भिंतींच्या आत चटई अंथरून नमाज पढायला या कलमाची हरकत नाही. त्या भिंतीला बाहेरून कमान काढली, फाटकावर नाव लिहिलं, कोपऱ्यात मिनार चढवला, की हरकत आली. प्रोटेस्टंट प्रार्थनागृहांनाही स्पेनमध्ये त्या काळी बाहेरून ओळखू येऊ नये अशा बेताने राहावं लागलं. थोडक्यात, या कलमाने उपासना चालू दिली आणि वास्तुकला बंद केली.

पुढचे टप्पे फलकावर तारखांनिशी येतील. १९६७ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा, थोडी ढील देणारा. २० नोव्हेंबर १९७५ ला फ्रँकोचा मृत्यू. १९७८ चं संविधान: सोळावं कलम, राज्याचा कुठलाही अधिकृत धर्म नाही. ५ जुलै १९८० चा धर्मस्वातंत्र्याचा मूलभूत कायदा. आणि ९ ऑक्टोबर १९८० ला पेद्रो आबादला पायाचा दगड. कायदा आणि दगड यांत जेमतेम तीन महिन्यांचं अंतर आहे. हे अंतर फलकावर डोळ्यांत भरेल असं दाखवायचं. तारखांच्या गर्दीत हरवता कामा नये.

२९ जून

करम इलाही जफर. हा फलक मी स्वतः लिहिणार, कुणाला देणार नाही.

जमातीचे धर्मप्रचारक म्हणून ते १९४६ मध्ये स्पेनला पोहोचले, म्हणजे वर लिहिलेलं सहावं कलम येऊन एक वर्षही झालं नव्हतं. पुढच्याच वर्षी फाळणी झाली, कादियानचं केंद्र उखडलं गेलं आणि परदेशातल्या प्रचारकांना पैसे पाठवणं अवघड झालं. त्यांनी मागे फिरण्याऐवजी स्वतः कमावून तिथेच राहण्याची परवानगी मागितली आणि माद्रिदच्या रास्त्रो बाजारात अत्तर विकायला सुरुवात केली. रास्त्रो म्हणजे रविवारी भरणारा रस्त्यावरचा बाजार: जुनं फर्निचर, कपडे, पुस्तकं, भांडी, काय वाटेल ते. तिथे एक पंजाबी माणूस अत्तराच्या बाटल्या घेऊन उभा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर फवारा मारतोय आणि तेवढ्यावरून बोलणं काढतोय. पोलिसांची नजर त्याच्यावर आहेच.

१९४६ ते १९८०, म्हणजे चौतीस वर्षं. एवढ्या काळात त्यांच्या हाती मशीद म्हणता येईल अशी एकही वास्तू नव्हती. तरुण वयात आलेला माणूस साठीला टेकल्यावर पायाभरणी बघतो. फलकावर मी त्यांना ‘संत’ वगैरे म्हणणार नाही, तशी गरजही नाही. त्यांनी दर आठवड्याला बाजारात उभं राहून पोट भरलं आणि जागा सोडली नाही, एवढं नीट लिहिलं तरी पुरे.

गटातल्या एकीने सुचवलं, की या फलकाशेजारी अत्तराची एक रिकामी कुपी ठेवू या. मी नको म्हटलं. ती त्यांची कुपी नसणार. मग ती ठेवून आपण बघणाऱ्याला काय सांगतोय?

५ जुलै

‘सातशे वर्षांनंतर स्पेनमध्ये बांधली गेलेली पहिली मशीद’, हे वाक्य या इमारतीबद्दल सगळीकडे सापडतं. फलकावर ते जसंच्या तसं घ्यायचं की नाही, यावर आज बराच खल झाला.

माझं मत असं: नको. फर्नांदो तिसरा या ख्रिस्ती राजाने मुस्लिमांकडून कोर्दोबा घेतलं १२३६ मध्ये. तिथून १९८२ पर्यंत मोजलं तर ७४६ वर्षं होतात, म्हणजे या परिसरापुरतं ‘सातशे वर्षं’ बरोबर. पण ग्रानाडाचं मुस्लिम राज्य १४९२ पर्यंत टिकलं. सगळ्या स्पेनचा हिशेब धरला तर आकडा पाचशेच्या अलीकडे येतो. दुसरं असं, की स्पेनमधल्याच मार्बेयाची, सौदी राजे अब्दुल अझीझ यांच्या नावाची मशीद १९८१ मध्ये खुली झाली. तिसरं, खुद्द कोर्दोबा शहरातल्या बागेत यादवी युद्धाच्या काळात फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या मोरोक्कन सैनिकांसाठी एक छोटी मशीद बांधली गेली होती. कॅथलिक धर्मयुद्धाची भाषा बोलणाऱ्या राजवटीने ती आपल्या फौजेच्या सोयीसाठी उभी केली, हा तपशील मला फार बोलका वाटतो: बाह्य आविष्कार नकोत, पण बंदूक धरणाऱ्याला चालतील.

तेव्हा आपण ‘पहिली’ हा शब्द टाळू. पायाभरणी ९ ऑक्टोबर १९८०, उद्घाटन १० सप्टेंबर १९८२, एवढंच छापू. ही वास्तू महत्त्वाची ठरते ती वेगळ्याच कारणाने: लोकशाही आल्यावर, नव्या कायद्याखाली, ज्यांच्या पाठीशी ना राजा होता ना फौज, अशा लोकांनी ती उघडपणे बांधली.

६ जुलै

छपाईचा दर विचारला. सनबोर्डवर व्हिनाइल चिकटवून घेणं फ्लेक्सपेक्षा महाग पडतं, पण वाचायचा मजकूर फ्लेक्सवर चकाकतो. सनबोर्डच.

१२ जुलै

किब्ल्याचा फलक. या कामात सगळ्यात जास्त रमले ती इथे.

मशिदीच्या आराखड्यात पहिली रेघ पडते ती किब्ल्याची, म्हणजे मक्केच्या दिशेची. बाकी सगळं तिच्यावरून ठरतं: मिहराबची (किब्ला दाखवणाऱ्या कोनाड्याची) भिंत, नमाजाच्या रांगा, दार कुठे, चप्पल कुठे काढायची, वुजूचं (नमाजाआधी हातपाय धुण्याचं) पाणी कुठे. पेद्रो आबाद साधारण ३७.९७ अंश उत्तर, ४.४६ अंश पश्चिम. मक्का २१.४२ अंश उत्तर, ३९.८३ अंश पूर्व. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर दोन्ही ठिकाणं सरळ रेघेने जोडली, तर दिशा येते पूर्वेच्या दक्षिणेला २३ अंश. गोलावरच्या त्रिकोणमितीने हिशेब केला, तर उत्तरेपासून १००.६ अंश, म्हणजे पूर्वेच्या दक्षिणेला साडेदहा अंशांच्या आसपास. अंतर सुमारे ४६०० किलोमीटर.

वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे भूगोलाचे निवृत्त सर माझ्या कागदांशी येऊन थांबले.

“अहो ताई, मक्का स्पेनच्या एवढी खाली आहे. सोळा-साडेसोळा अक्षांश खाली! आणि तुम्ही भिंत जवळजवळ पूर्वेला करताय?”

“सर, कपाटावरचा पृथ्वीचा गोल घेऊ या का?”

गोल खाली काढला, धूळ पुसली. पुस्तकं बांधायच्या दोऱ्याचं एक टोक सरांनी दक्षिण स्पेनवर दाबून धरलं, दुसरं मी मक्केवर. दोरा ताणला. स्पेनमधून निघताना तो अगदी थोडा दक्षिणेकडे कललेला, भूमध्य समुद्रावरून जाता जाता हळूहळू वाकतो आणि अरबस्तानात उतरताना चांगलाच दक्षिणेकडे वळलेला असतो. सरांनी चष्मा वर केला, दोऱ्याच्या स्पेनकडच्या टोकाशी नाक नेलं, आणि मग म्हणाले, “तीस वर्षं मुलांना सपाट नकाशाच दाखवला मी. हा दोरा प्रदर्शनात ठेवाच.”

ठेवणार आहे. गोल आणि दोरा टेबलावर. प्रत्येकाने स्वतः ताणून बघायचा.

दोन हिशेबांतला फरक पावणेतेरा अंशांचा. कागदावर किरकोळ दिसतो, बांधकामात नाही: १२ मीटर लांबीची भिंत तेवढी फिरली, की तिचं दुसरं टोक अडीच मीटरांहून जास्त सरकतं. एक खोलीच हलली म्हणायची.

मुंबईचाही हिशेब केला, इथल्या लोकांना ताडून बघता यावा म्हणून. तो येतो २८०.१ अंश: पश्चिमेच्या उत्तरेला दहा अंश. म्हणजे आपल्याकडून पश्चिमेच्या जरा उत्तरेला, आणि आंदालुसियातून, म्हणजे पेद्रो आबादच्या दक्षिण स्पेनमधून, पूर्वेच्या जवळपास तितकंच दक्षिणेला. दोन आकडे शेजारी-शेजारी मांडले की फलक आपोआप बोलतो.

१३ जुलै

कालच्याच फलकाला जोड. ७८५ च्या सुमारास पहिला अब्द अर-रहमान या तिथल्या मुस्लिम राज्यकर्त्याने सुरू केलेल्या कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीचा किब्ला पूर्वेकडे नाही. तो आग्नेयेच्याही पलीकडे, दक्षिणेकडे झुकलेला आहे. यामागे काय कारण असावं यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी शहरातल्या जुन्या रोमन रस्त्यांच्या मांडणीकडे बोट दाखवतं, कुणी सीरियातून आलेल्या त्याच्या घराण्याच्या सवयीकडे. पुढे दोनशे वर्षांत ती मशीद तीनदा वाढवली गेली, आणि दर वेळी पहिलीच दिशा कायम राखली. एकदा टाकलेली रेघ मोडायची नाही, हा बांधणाऱ्यांचा संयम मला आवडतो. १५२३ पासून तिच्या मध्यभागी कॅथेड्रल उभं राहिलं, तरी कमानींच्या रांगा आजही त्याच जुन्या दिशेला धावतात.

१९ जुलै

दर्शनी भागाचं रेखाटन पूर्ण. बशारत मशीद पांढरी आहे, दोन उंच मिनार आहेत, आणि ती हमरस्त्याच्या कडेला आहे: माद्रिदहून कोर्दोबामार्गे कादिझला जाणारा रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक चार. आजूबाजूला शेती आणि ऑलिव्हच्या बागा.

पांढऱ्या रंगाचं श्रेय कुणाला द्यायचं यावर आज चर्चा झाली. विद्यार्थी म्हणाले, मशीद म्हणून पांढरी. मला वाटतं, आंदालुसियातलं खेडं म्हणून पांढरी. तिथली घरं पिढ्यान्‌पिढ्या चुन्याने रंगवली जातात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पांढरी भिंत ऊन परतवते. त्या रांगेत ही मशीद उठून दिसत नाही, मिसळून जाते. उठून दिसतात ते फक्त मिनार. कोर्दोबाच्या कमानींची नक्कल करून ‘आम्ही परत आलो’ असं ओरडणं सोपं होतं. तसं केलं नाही, आणि या इमारतीतली सर्वांत शहाणी गोष्ट मला हीच वाटते.

अहमदिया मशिदींची अशी एक ठरलेली शैली नाही, हेही इथेच सांगायला हवं. लंडनच्या फज्ल मशिदीची पायाभरणी १९२४ मध्ये झाली, १९२६ मध्ये ती खुली झाली: घुमट, कोपऱ्यांत छोटे मनोरे, इंग्रजी उपनगरातल्या बागेत. लाहोर शाखेने १९२४ ते १९२८ मध्ये बर्लिनला बांधलेली मशीद थेट मुघल थाटाची, ताजमहालाची आठवण देणारी. झुरिचची महमूद मशीद १९६३ ची, झाक शादर या स्विस आधुनिक वास्तुविशारदाची: साधी ठोकळेबाज इमारत आणि सुमारे १८ मीटरचा सडपातळ मिनार, रस्त्यापलीकडे चर्च. जिथे जावं तिथल्या गवंड्याची भाषा उचलावी, असा हा प्रकार दिसतो.

२० जुलै

मिनारावर वेगळा फलक हवाच. अजान आता ध्वनिक्षेपकावरून होते, किंवा आतल्या आत होते. मग मिनार कशाला? ओळख म्हणून. हमरस्त्यावरून गाडी जाताना खेड्यात दोनच उंच गोष्टी नजरेत येतात: चर्चचा मनोरा आणि हे दोन मिनार.

आणि ओळख म्हटली की तक्रार आलीच. कादियानच्या पांढऱ्या मिनाराचा पाया १९०३ मध्ये मिर्झा गुलाम अहमद यांनी घातला, तेव्हा शेजाऱ्यांनी सरकारदरबारी तक्रार केली होती, की यावर चढलेल्या माणसाला आमच्या घरातलं दिसेल. तक्रार फेटाळली गेली, पण पैसा आटला आणि काम वर्षानुवर्षं थांबलं. दुसऱ्या खलिफांच्या काळात ते पुरं झालं. उंची १०५ फूट. शेजाऱ्यांची ती हरकत मला क्षुद्र वाटत नाही. दाट वस्तीच्या गावात आडोशाचा प्रश्न खराच असतो. अशी हरकत ऐकून घेता येते, तिच्यावर निवाडा देता येतो. पाकिस्तानच्या फलकावर जे येणार आहे ते या जातीचं नाही.

२६ जुलै

दोन खलिफा. पायाभरणी केली तिसरे खलिफा मिर्झा नासिर अहमद यांनी. ते १९७० मध्येही स्पेनला येऊन गेले होते, ग्रानाडात थांबले होते. पण तेव्हा फ्रँको हयात होता. दहा वर्षांनी पेद्रो आबादला दगड ठेवताना त्यांनी जो संदेश दिला, तो पुढे जगभरच्या अहमदिया मशिदींवर झळकला: सर्वांवर प्रेम, कुणाचाही द्वेष नाही. स्पॅनिशमध्ये ‘आमोर पारा तोदोस, ओदियो पारा नादिए’. एका खेड्यातल्या पायाभरणीच्या भाषणातून सगळ्या जमातीचं बोधवाक्य निघावं, हे क्वचितच घडतं.

उद्घाटन बघायला ते राहिले नाहीत. ९ जून १९८२ ला त्यांचं निधन झालं, दुसऱ्याच दिवशी मिर्झा ताहिर अहमद यांची चौथे खलिफा म्हणून निवड झाली, आणि तीन महिन्यांनी, १० सप्टेंबरला, त्यांनी मशीद खुली केली. शुक्रवार होता, म्हणजे पहिली मोठी नमाज जुम्म्याचीच.

२ ऑगस्ट

पाकिस्तानचा फलक. हा लिहिताना हात जड होतो, पण याच्याशिवाय बाकीचे फलक अर्धवट आहेत.

७ सप्टेंबर १९७४ ला पाकिस्तानच्या संविधानातल्या दुसऱ्या दुरुस्तीने अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं. २६ एप्रिल १९८४ ला जनरल झिया-उल-हक यांनी विसावा अध्यादेश काढला. त्यानुसार अहमदियांनी आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणं, अजान देणं, स्वतःला मुस्लिम म्हणवणं हे गुन्हे झाले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. काही दिवसांतच मिर्झा ताहिर अहमद देश सोडून लंडनला गेले. पेद्रो आबादचं दार उघडून दोन वर्षंही झाली नव्हती.

अध्यादेशात मिनार हा शब्द नाही. तरीही पुढच्या वर्षांत पाकिस्तानात कित्येक अहमदिया प्रार्थनास्थळांचे मिनार पाडले गेले, भिंतींवरचा कलमा (इस्लामचं श्रद्धावचन) खरवडून काढला गेला, कधी जमावाकडून, कधी पोलिसांच्या देखत, कधी पोलिसांच्याच हातून. २०२३ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने निवाडा दिला, की १९८४ पूर्वी बांधलेल्या वास्तूंना हे लागू नाही आणि त्यांचे मिनार पाडण्याची गरज नाही. पाडापाडी तरीही थांबली नाही. याच वर्षी जानेवारीत सियालकोट जिल्ह्यातल्या डस्का इथलं फाळणीपूर्वीचं अहमदिया प्रार्थनास्थळ जमीनदोस्त झालं. ते बांधलं होतं जफरुल्ला खान यांनी: पाकिस्तानचे पहिले परराष्ट्रमंत्री, पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे अध्यक्ष.

१९४५ च्या स्पेनचं कलम आणि १९८४ च्या पाकिस्तानचा अध्यादेश शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. एक कॅथलिक राजवट, एक इस्लामी. पण दोघांनाही खुपलं तेच: जे बाहेरून दिसतं आणि ऐकू येतं ते. नाव, हाक, मनोरा.

हे दोन उतारे आम्ही एकाच फलकावर, एकाच टाइपात, एकाच आकारात छापतोय. वर भाष्य काही नाही.

३ ऑगस्ट

वाचनालयाच्या एका सभासदांनी हळूच विचारलं, फलकांवर सगळीकडे ‘मशीद’च लिहिणार का, उगाच कुणी काही बोलेल, ‘प्रार्थनास्थळ’ म्हटलं तर? त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, काळजीच होती. मी सांगितलं, की भारतात असा कायदा नाही. उलट केरळ उच्च न्यायालयात १९७० मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी अहमदिया हे मुस्लिमच, असा निर्णय दिला आहे. धर्मशास्त्रातला वाद ज्यांचा त्यांनी घालावा. पण लोक आपल्या इमारतीला जे नाव देतात, ते फलकावर बदलायचा अधिकार आपल्याला नाही. त्यांना पटलं. पाकिस्तानच्या फलकावर तेवढं ‘प्रार्थनास्थळ’ ठेवलंय, कारण तिथे कायद्याने तोच शब्द लादलाय. खाली तशी टीप दिली आहे.

९ ऑगस्ट

झुरिचचा मजकूर वाढवला. महमूद मशिदीचा पाया १९६२ मध्ये संस्थापकांच्या कन्या अमतुल हफीज बेगम यांनी घातला. पुढच्या वर्षी उद्घाटन केलं ते जफरुल्ला खान यांनी, तेव्हा ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष होते. आणि २९ नोव्हेंबर २००९ ला स्वित्झर्लंडने सार्वमत घेऊन नवे मिनार बांधायला संविधानातच बंदी घातली, ५७.५ टक्के मतांनी. त्या वेळी साऱ्या देशात मिनार होते चार. त्यांतला एक हा.

हे मुद्दाम घेतलं. नाहीतर बघणारा असा समज करून घरी जाईल, की युरोपात सगळं उघडं आणि आशियात सगळं बंद. तसं नाही. स्पेनमध्ये बंद असलेलं दार उघडलं, स्वित्झर्लंडमध्ये उघडं असलेलं अर्धं लागलं, आणि तेही लोकशाही मार्गाने.

१६ ऑगस्ट

प्रूफं तपासली. ग्वादाल्कीवीर तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं होतं, एकच रूप केलं. ‘खलिफा’ सगळीकडे ऱ्हस्व. झाक शादरच्या फलकावरचं चुकीचं छायाचित्र बदलायला सांगितलं.

२३ ऑगस्ट

प्रदर्शन लागलं. गर्दी सगळ्यात जास्त गोल आणि दोऱ्यापाशी. शाळेतली मुलं मक्का सोडून आपापली गावं जोडून बघत होती: सांगली ते लंडन, सांगली ते टोकियो. भूगोलाचे सर टेबलापाशी खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येकाला दोरा ताणायला लावत होते.

दोन उताऱ्यांच्या फलकासमोर माणसं जास्त वेळ थांबतात, पण बोलत नाहीत. एका आजींनी मात्र करम इलाही जफर यांच्या फलकापाशी मला हाक मारली. “एवढी वर्षं रस्त्यावर अत्तर विकून घर चालवलं म्हणतेस. बायको-मुलं होती का गं त्यांना? त्यांचं काय झालं?” कुटुंब होतं, मुलं स्पेनमध्येच वाढली, एवढं मी सांगू शकले. आजींचा प्रश्न रास्त आहे. आपल्या फलकांवर दगड आहेत, कायदे आहेत, खलिफा आहेत; बाजारातून परत आल्यावर ज्या घरात चूल पेटायची त्या घराबद्दल एक ओळही नाही.

२४ ऑगस्ट

ती ओळ आज लिहिली आणि त्या फलकाची दुरुस्त फाइल छपाईला पाठवली. जुना फलक मंगळवारी उतरवायचा, नवा त्याच जागी. पुढच्या महिन्यात हे सगळं इचलकरंजीला एका महाविद्यालयात न्यायचंय. तिथलं दालन लांबट आहे, तेव्हा कायद्यांचा फलक आणि दर्शनी भागाचं रेखाटन एकमेकांसमोर लावता येतील. पृथ्वीचा गोल वाचनालयाचा आहे, तो त्यांना परत करायचाय. तिकडे दुसरा बघावा लागेल, जरा मोठा मिळाला तर बरं.